सांगली : हातात फक्त रविवारची सकाळ, गाडीला पेंट सीलंट कसं लावावं?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी,

गडद निळी हॅचबॅक आहे, चार वर्षं झाली. घराला पोर्च नाही, गाडी बाराही महिने उघड्यावर. नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू झाले की रोज सकाळी बॉनेटवर बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काळी राख पडलेली असते. त्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आधीच, गाडीला सीलंट, म्हणजे रंगावर बसणारं पातळ संरक्षक आवरण, लावून घ्यायचं ठरवलंय. द्रवरूप सीलंटची बाटली, क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी), फोमचे पॅड, मायक्रोफायबरची फडकी असं सगळं आणून ठेवलंय.

अडचण वेळेची आहे. शनिवारी कामावरून यायला रात्र होते. रविवारी सहाला सुरुवात केली तरी साडेनऊला अंगणात ऊन येतं आणि अकराला घरच्यांना घेऊन नरसोबावाडीला जायचंय. मदतीला आठवीतला मुलगा आहे. बाटलीवर लिहिलंय की धुवा, क्ले करा, लावा, सुकू द्या, पुसा आणि नंतर २४ तास पाणी लागू देऊ नका. साडेतीन तासांत एवढं सगळं बसेल असं वाटत नाही.

क्ले गाळला तर चालेल का? ते २४ तास गाडी जागेवरून हलवायचीच नाही का? की शनिवारी रात्रीच दिव्याखाली लावून सकाळपर्यंत सुकू द्यावं? जाणकारांनी सांगावं.

पत्रा_आणि_रंग

मिरजेत गॅरेज आहे, रंगकाम हाच धंदा. आधी २४ तासांचं सांगतो, म्हणजे तुमचा निम्मा घोर जाईल. गाडी खुशाल चालवा. वाडीला जा, परत या, काही होत नाही. फक्त पाणी लागता कामा नये. सीलंट लावलं की पहिल्यांदा त्यातलं सॉल्व्हंट उडतं आणि पत्र्यावर धुरकट थर दिसतो. तो पुसून काढल्यावर जे उरतं ते डोळ्यांना दिसत नाही, एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं. त्यातले पॉलिमर पुढचे काही तास एकमेकांत गुंततात आणि क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, धरून बसतात. त्या वेळात पाणी साचून राहिलं तर पकड कच्ची राहते, कधी डागही पडतात. पकड बसायला वेळ, कोरडी हवा आणि थोडी ऊब लागते. गाडी उभी आहे की चालतेय याच्याशी त्याचा संबंध नाही.

म्हणूनच शनिवारी रात्री लावू नका. दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडं दव पडायला लागतं. पहाटे टप आणि बॉनेट ओलेचिंब असतात. रात्री अकराला लावलेलं सीलंट ऐन कच्चं असताना दवात भिजणार. सकाळी लावलं तर दिवसभराची कोरडी हवा मिळते, रात्री दव पडेपर्यंत ते बरंच बसलेलं असतं. शेड असलेल्यानं संध्याकाळी लावलं तर चालतं. उघड्यावरच्या गाडीला सकाळच बरी.

आता क्ले. माझ्याकडं येणारा प्रत्येक जण हेच विचारतो की यातली कुठली पायरी गाळता येईल. मी सांगतो, पायरी गाळू नका, पत्रा गाळा. अख्ख्या गाडीला अर्धवट तयारीवर सीलंट लावण्यापेक्षा बॉनेट, टप आणि डिकीचं झाकण एवढंच पूर्ण तयारीनं करा. दारं पुढच्या रविवारी. सीलंट काही एका दिवसात सगळीकडं लागलंच पाहिजे असं नसतं, गाडीचा प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. पण खाली मळ ठेवून वर लावलेलं सीलंट मळाला धरतं, रंगाला नाही. मळ निघाला की तेही निघालं.

आडव्या भागांवर सगळा मारा होतो. ऊन तिथंच सर्वांत जास्त लागतं, पक्ष्यांची शीट तिथं पडते, राख तिथं बसते, पाणी तिथं साचून वाळतं. दार त्या मानानं सुखी असतं.

कृष्णाकाठी

वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. 'पत्रा गाळा' हे मी लिहून ठेवलंय.

वेळेबद्दल माझी एक पद्धत सांगते, मी एकटीच करते सगळं. क्लेचं काम रविवारवर ठेवायचंच नाही. मधल्या एखाद्या संध्याकाळी जेवणानंतर अर्धा तास काढून फक्त बॉनेट आणि टप करायचं, दुसऱ्या संध्याकाळी डिकी. आधी तेवढा भाग नीट धुवायचा, मग शॅम्पूच्या पाण्यानं भरपूर ओला ठेवून क्ले फिरवायचा. दाबायचा नाही, नुसता सरकवायचा. सुरुवातीला हाताला खरखर लागते आणि आवाजही येतो, तो थांबला की तेवढा तुकडा झाला. क्ले जमिनीवर पडला तर सरळ टाकून द्या. त्यात चिकटलेला एक खडा अख्ख्या बॉनेटवर रेघा ओढतो. क्लेनं काढलेली घाण चार-पाच दिवसांत परत घट्ट बसत नाही, वर फक्त धूळ येते. ती रविवारच्या धुण्यात जाते.

क्ले लागणार की नाही हे बघायचं असेल तर धुतलेल्या, ओल्या पत्र्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून हात फिरवा. नुसत्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून लगेच कळतं. गुळगुळीत लागलं तर क्ले नका करू, तेवढा वेळ वाचला.

चाकंही शनिवारी रात्रीच धुऊन टाका. रविवारचं पाणी आणि उजेड पत्र्यासाठी ठेवा.

तासगावचा_बेदाणा

एवढं कशाला करायलाय? आमच्याकडं वॉशिंग सेंटरवाला धुतल्यावर डिझेलचा बोळा मारून देतो. गाडी चकाचक दिसते. त्याच्यावर सीलंट लावलं की झालं. अर्ध्या तासाचं काम.

पत्रा_आणि_रंग

भाऊ, तेवढं मात्र करू नका. डिझेल काय, रॉकेल काय, त्याचा तेलकट पापुद्रा पत्र्यावर राहतो आणि चकाकी त्याचीच असते. त्या तेलावर सीलंट बसत नाही. शिवाय तेलावर धूळ चिकटते आणि रबराच्या पट्ट्या फुगतात, त्या वेगळ्याच. वॉशिंग सेंटरवर धुवायला हरकत नाही, पण गाडी आत घेतानाच सांगा, "डिझेल, पॉलिश, टायरचं चकचकीत, काहीच मारायचं नाही." आधी मारलेलं असेल तर शॅम्पूनं दोनदा धुवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, साधारण एकास चार, स्वच्छ फडक्यावर घेऊन ज्या भागाला सीलंट लावायचं तेवढा पुसून घ्या. हे पुसणं पाच मिनिटांचं आहे, गर्दीत तेच आधी विसरतं. क्लेच्या वेळचं चिकट पाणीही त्यानंच जातं.

भांड्याच्या लिक्विडनं धुवावं असंही काही जण सांगतात. जुनं मेण थोडंफार निघतं त्यानं, पण रबर आणि काळं प्लॅस्टिक कोरडं पडतं. वर सांगितलेलं अल्कोहोल पुरेसं आहे.

तासगावचा_बेदाणा

हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी सांगतो त्याला. आभार दादा.

हळदगल्ली

पाण्याबद्दल कुणी बोललंच नाही, आणि सांगलीत खरी डोकेदुखी तीच आहे. आमच्या भागात बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की बादलीच्या कडेला पांढरं साचतं. नदीकाठच्या जमिनी क्षारपड झाल्यात तिथली बोअरं तर विचारू नका. तसल्या पाण्यानं धुवून गाडी आपोआप वाळू दिली की प्रत्येक थेंबाचा पांढरा गोल उमटतो. त्यावर सीलंट लावलं तर तो गोल आतच राहतो, गडद रंगावर लांबूनसुद्धा दिसतो.

तर शेवटचं पाणी नळाचं वापरा. रविवारी नळाला कधी पाणी येतं ते आधी बघा आणि दोन बादल्या भरून ठेवा. एक कळकळीची विनंती : आरओ यंत्रातून बाहेर जाणारं पाणी गाडीसाठी साठवू नका. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूनं खूप घरांत हे करतात, पण यंत्रानं गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात जातात. म्हणजे ते मूळच्या पाण्यापेक्षाही जड असतं. फरशी पुसायला, संडासाला वापरा.

आधीच डाग पडलेले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, फडकं भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, भरपूर पाण्यानं धुवा. सावलीत, थंड पत्र्यावर. तरीही गेला नाही तर डाग क्लिअर कोटमध्ये उतरलाय असं समजा, मग पॉलिशशिवाय जात नाही.

विश्रामबागकर

हळदगल्लीताई, हे फार उपयोगी पडलं. आमच्याकडंही बोअर आहे आणि डिकीवर असे गोल आहेतच. व्हिनेगर मधल्या वारी करून बघतो.

पत्रा_आणि_रंग दादा, वाडीचं ऐकून जीव भांड्यात पडला. म्हणजे आता बुधवारी बॉनेट आणि टप क्ले, गुरुवारी डिकी, शनिवारी रात्री चाकं, रविवारी धुणं आणि सीलंट. सुकवताना काही विशेष?

पत्रा_आणि_रंग

सुकवणं हेच अर्धं काम आहे. पत्रा कोरडा दिसतो, पण आरशाच्या मागं, दाराच्या मुठीत, डिकीच्या दिव्यांच्या फटीत, बॉनेटच्या कडेला पाणी दडून बसलेलं असतं. तुम्ही सीलंट लावता आणि मागून एक ओघळ येतो, सगळ्या थरावर रेघ. धुतल्यावर मोठ्या फडक्यानं पाणी टिपून घ्या, घासू नका. मग गाडी चालू करून गल्लीत एक चक्कर मारा, दोन-तीनदा ब्रेक जरा जोरात दाबा. दडलेलं पाणी बाहेर येतं. परत आल्यावर चारी दारं आणि डिकी उघडून कडा पुसा. दहा मिनिटं जातील, पण नंतरचा मनस्ताप वाचेल.

चक्कर छोटीच मारा. बॉनेट इंजिनानं तापलं तर थंड होईपर्यंत थांबावं लागेल. तळहात नव्हे, हाताची उलटी बाजू पत्र्यावर ठेवून बघा. गरम लागलं तर सीलंट नको. तापल्या पत्र्यावर ते लावता लावताच सुकतं आणि पुसताना जीव काढतं.

लावताना पातळ म्हणजे खरोखर पातळ. अर्ध्या बॉनेटला पॅडवर रुपयाएवढे दोन थेंब पुष्कळ झाले. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही. वरचं सगळं पुसूनच जातं आणि पुसायला दुप्पट वेळ लागतो. घाईत असलेल्या माणसाचा हात नेमका सढळ पडतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

कृष्णाकाठी

क्रम असा ठेवा : आधी टप, मग बॉनेट, मग डिकी. तिन्हीला एकापाठोपाठ लावून मोकळे व्हा. सुकायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, हवेत गारवा असेल तर जास्तही. त्या वेळात आतून काचा पुसा, पायपुसणी झटका, मुलाला टायरची हवा बघायला सांगा. घड्याळाकडं बघून पुसायला जाऊ नका. सीलंट लावलेल्या भागावर एका ठिकाणी स्वच्छ बोट ओढून बघा. बोटाखालचा पत्रा लख्ख दिसला तर तयार. ओलसर फरफटल्यासारखं दिसलं तर थांबा.

काळ्या प्लॅस्टिकला आणि समोरच्या काचेला लागू देऊ नका. प्लॅस्टिकवर पांढरे डाग बसतात, काचेवर लागलं की पावसात वायपर थरथरतो. काळ्या पट्ट्यांना रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावली की निश्चिंत.

डफळापूर

जत तालुक्यातून लिहितोय. नळाचं, बोअरचं, दोन बादल्या वगैरे वाचलं. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो, तिथं गाडी धुवायला पाणी काढायचं म्हणजे घरच्यांच्या तोंडचं काढण्यासारखं. मी तरीही सीलंट लावतो, कारण सीलंट असलेली गाडी पुढं कमी पाण्यात धुऊन होते. मळ पकड घेत नाही.

रिन्सलेस वॉश म्हणून एक द्रावण मिळतं. बाटलीवरच्या मापानं एका बादलीत टाकायचं, त्यात सहा-सात मायक्रोफायबर फडकी बुडवून ठेवायची. एक फडकं, एक भाग. पुसायचं, ते फडकं बाजूला टाकायचं, बादलीत परत बुडवायचं नाही. मागोमाग कोरड्या फडक्यानं टिपायचं. अख्खी गाडी एका बादलीत होते आणि पाणी मारून धुवावंही लागत नाही. चिखलानं माखलेल्या गाडीला मात्र हे चालत नाही. चिखल आधी पाण्यानं उतरवावाच लागतो, नाहीतर घासून रेघा पडतात. नुसत्या धुळीला उत्तम.

वेळेच्या हिशेबानंही बघा. सगळं पाणी मारून धुण्यापेक्षा यात निम्म्याहून कमी वेळ जातो. विश्रामबागकरांनी बुधवारी-गुरुवारी क्लेच्या आधी हेच वापरावं, रात्री अंगणात पाणी मारायला नको.

विश्रामबागकर

हे तर ठाऊकच नव्हतं. मागवतो. तुमच्याकडच्या पाण्याची परिस्थिती वाचून वाईट वाटलं, आम्ही नदीकाठी राहून किती सहज पाणी सोडतो.

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्याहून. आमच्याकडं परतीचा पाऊस ऑक्टोबर संपेपर्यंत कधीही गाठतो, त्यामुळं कोरडा दिवस मिळेल याची खात्रीच नसते. मी द्रवरूप सीलंट सोडून स्प्रेचं घेतलं. धुतल्यावर पत्रा ओलसर असतानाच एका भागावर दोन-तीन फवारे मारायचे, सुकवायच्याच फडक्यानं पसरवत पुसायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्यानं एक हात. सुकवणं आणि लावणं एकाच वेळी होतं, अख्ख्या गाडीला वीस-पंचवीस मिनिटं. यवतेश्वरच्या घाटात धुक्यातून जाऊन आलो तरी पाण्याचे थेंब छान गोळा होऊन ओघळतात.

टिकतं कमी, हे खरं. चांगलं द्रवरूप सीलंट नीट तयारीवर लावलं तर चार-सहा महिने काढतं. स्प्रे दीड-दोन महिने समजा. पण दोन-चार धुण्यांनंतर परत मारला की झालं. वेळच नसलेल्यांनी याचा विचार करावा.

कृष्णाकाठी

माझ्या मते दोन्हींची जोडी सर्वांत चांगली. वर्षातून दोनदा, दिवाळीआधी आणि मेअखेर पावसाच्या तोंडावर, आडव्या भागांना द्रवरूप. मधल्या काळात धुताना स्प्रे. विश्रामबागकर, तुमची दारं आणि मागचा बंपर या रविवारी स्प्रेवर काढले तरी चालेल. पुढच्या रविवारी दारांना नीट लावायचं असेल तर मात्र आधी अल्कोहोलनं पुसून घ्या.

मिरज_रेल्वेलाईन

एवढी मरमर कशाला, सिरॅमिक कोटिंग करून टाका, दोन-तीन वर्षं बघायला नको.

आणि एक शंका. माझी गाडी रुळांच्या जवळ लागते. पांढऱ्या रंगावर बारीक तांबूस ठिपके आलेत, धुवून जात नाहीत. गंज आहे का?

पत्रा_आणि_रंग

सिरॅमिक चांगलं आहे, वाईट म्हणणार नाही. पण त्याची तयारी याहून कडक. पत्र्यावरच्या रेघा आधी पॉलिशनं काढाव्या लागतात, नाहीतर त्या कोटिंगखाली तशाच कोंडल्या जातात. लावल्यावर आठवडाभर धुवायची नाही. उघड्या अंगणात, दवात, घाईत घरी करण्याचं ते काम नव्हे. बंद जागेत जाणकाराकडून करून घ्यावं लागतं आणि खर्च हजारांत जातो. यांच्याकडं एक सकाळ आणि एक बाटली आहे. त्यात जे उत्तम होईल ते बघू.

जाता जाता, शोरूममध्ये 'टेफ्लॉन कोटिंग' म्हणून जे विकतात त्याबद्दलही विचारणा येते. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला. तव्यावर ते भट्टीत तापवूनच बसवतात. रंगवलेल्या गाडीला तेवढी उष्णता कुणी देऊच शकत नाही, कारखान्यातला रंगसुद्धा १४०च्या आसपास भाजतात. नावावर जाऊ नका. त्या बाटलीत बहुतेक वेळा सीलंट किंवा मेणाच्या जातीचंच काहीतरी असतं. तेच तुम्ही घरी लावताय.

तुमचे ठिपके : रुळांवर चाकं आणि ब्रेक घासून लोखंडाचे बारीक कण उडतात, ते क्लिअर कोटमध्ये रुततात आणि दमट हवेत गंजतात. पत्रा गंजलेला नाही. आयर्न रिमूव्हर मिळतं, ते फवारलं की कणांभोवती जांभळे ओघळ दिसतात. वाळू न देता धुऊन टाका. त्यानंतर क्ले केला तर क्लेवर कमी ताण येतो. उग्र वास येतो, मोकळ्या हवेत करा.

मिरज_रेल्वेलाईन

बरोबर, रुळांमुळंच असणार. करतो.

बुधगावकर

माझा पुढचा बंपर आणि एक मडगार्ड गेल्या आठवड्यातच रंगवून आणलाय. त्याला या रविवारी सीलंट लावू का? बाकी गाडी जुनीच आहे.

पत्रा_आणि_रंग

नको. कारखान्यातून आलेला रंग भाजलेला असतो, त्याला पहिल्या दिवशी लावलं तरी चालतं. गॅरेजमधला रंग बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, साधारण ६० अंशांवर सुकवतात, काही ठिकाणी तेवढंही नसतं. वरून कडक वाटला तरी आतलं सॉल्व्हंट कित्येक आठवडे हळूहळू बाहेर येत राहतं. त्यावर आवरण घातलं तर ते कोंडतं. निदान महिना जाऊ द्या, दोन महिने गेले तर उत्तम. ज्यानं रंगवलं त्याला विचारा, कुठला रंग, कसा सुकवला, हे त्यालाच ठाऊक. तोवर नुसत्या शॅम्पूनं हळुवार धुवा. बाकीच्या गाडीला खुशाल लावा.

विश्रामबागकर

मंडळी, काल झालं. टप, बॉनेट, डिकी आणि पुढची दोन्ही मडगार्ड द्रवरूप सीलंटनं झाली. दारं राहिली, ती येत्या रविवारी. क्ले आधीच झाल्यामुळं सकाळी घाई अशी झालीच नाही. पत्रा_आणि_रंग दादा, चक्कर मारून आल्यावर डिकीच्या दिव्यांतून जे पाणी निघालं ते बघून थक्क झालो. मुलानं बोट ओढून बघायचं काम स्वतःकडं घेतलं होतं, त्यानं आम्हाला एकदा परत पाठवलं. ऊन अंगणात यायच्या आत पुसून झालं होतं.

आता पुढचा प्रश्न, ज्याच्यासाठी हे सगळं केलं. राख पडायला लागली की रोज सकाळी ती काढायची कशी? आत्तापर्यंत पिसांच्या झाडणीनं किंवा कोरड्या फडक्यानं झटकत होतो.

हळदगल्ली

अभिनंदन! मुलाचं विशेष कौतुक.

पत्रा_आणि_रंग

छान केलंत. आता राखेचं मन लावून वाचा, कारण सांगलीतल्या गाड्यांवरच्या निम्म्या रेघा मला त्यानंच पडलेल्या दिसतात.

बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते. ऊस हे गवताच्या कुळातलं पीक, जमिनीतली सिलिका शोषून घेतं. ऊस जळतो, पण सिलिका जळत नाही, ती राखेत उरते. हाताला मऊ लागणारा तो काळा पापुद्रा खरं तर बारीक वाळू घेऊन बसलेला असतो. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे क्लिअर कोटला पॉलिश पेपर मारणं. क्लिअर कोट सगळा मिळून ३५ ते ५० मायक्रॉन, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. रोज सकाळी थोडा थोडा घासला की दोन हंगामांत उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसायला लागतात. गडद निळ्यावर तर हमखास. सीलंट त्या रेघा थांबवत नाही. सीलंटनं मळ सैल बसतो, घासणं सहन करायची ताकद त्यातून येत नाही.

आणि ज्यांच्याकडं सकाळी गाडी पुसायला माणूस येतो त्यांनी त्याच्याकडचं फडकं आणि बादली एकदा बघा. एकाच बादलीत दहा गाड्यांचं फडकं पिळलेलं असतं. त्याचा दोष नाही, त्याला तेवढ्याच पैशात तेवढ्याच वेळात सगळ्या गाड्या करायच्या असतात. आपण आपली दोन स्वच्छ फडकी त्याच्या हातात द्यावीत आणि 'कोरडं पुसू नका' एवढं सांगावं. ऐकतात लोक.

मग करायचं काय? राख कोरडी असेल तर हात न लावता निघून जाऊ दे. सीलंट असेल तर गाडी रस्त्यावर घेतली की बरीचशी वाऱ्यानंच उडते. हवेचा छोटा ब्लोअर असेल तर त्याहून उत्तम. दवानं भिजून चिकटलेली असेल तर पाण्याची धार वरून खाली सोडा, एक-दोन तांब्यांनी सुद्धा बॉनेट होतं, आणि मग टिपून घ्या. पाणी कमी असेल तर डफळापूर यांनी सांगितलेलं रिन्सलेस द्रावण आधी फवारा, मिनिटभर मुरू द्या आणि हलक्या हातानं एकाच दिशेनं पुसा, प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी. आणि वेळ नसेल तर राख तशीच राहू दे, रविवारी धुवा. एक आठवडा काळी दिसलेली गाडी धुऊन पूर्ववत होते, घासलेली होत नाही.

शीट मात्र आठवडाभर ठेवू नका. त्यातलं आम्ल उन्हात दिवसाभरात क्लिअर कोट खातं. सीलंट असेल तर थोडी सवड मिळते, एवढंच. गाडीत एक ओला रुमाल आणि पाण्याची छोटी बाटली ठेवा, शीटेवर पाच मिनिटं ओला रुमाल ठेवून ती मऊ झाली की उचलून घ्या.

तासगावचा_बेदाणा

आमच्याकडं द्राक्षाच्या फवारणीचे पांढरे ठिपके पडतात गाडीवर, शेताच्या बांधाला लावली की. त्याला बी हेच का?

पत्रा_आणि_रंग

तेच. वाळायच्या आत पाण्यानं उतरवा. वाळलेलं असेल तर भिजवून मऊ करा, नखानं खरडू नका. फवारणीच्या बोर्डो मिश्रणात चुना असतो, तो घट्ट बसला तर हळदगल्लीताईंचं व्हिनेगर चालतं. फवारणीच्या दिवशी गाडी वारा जिकडून येतो त्या बाजूला लावता आली तर सगळ्यांत चांगलं.

विश्रामबागकर

झाडणी आजपासून बंद. एक शेवटचं : सीलंट पुसलेली फडकी कशी धुवायची? बायको विचारतेय मशीनमध्ये टाकली तर चालतील का.

कृष्णाकाठी

आधी लगेच पाण्यात भिजत घाला. सीलंट फडक्यात वाळलं की ते कडक होतं आणि पुढच्या वेळी तेच ओरखडे काढतं. मशीनमध्ये चालतात, पण वेगळी, सुती कपड्यांबरोबर नकोत, सुती धागे त्यात अडकतात. साधं द्रव डिटर्जंट, कोमट पाणी. कपडे मऊ करायचं कंडिशनर अजिबात नको, त्यानं फडकं पाणी शोषेनासं होतं. सावलीत वाळवा, इस्त्री नको. सीलंटची फडकी, काचेची फडकी आणि चाकांची फडकी वेगवेगळ्या रंगाची घेतलीत तर घरातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.